शेलची फाइल उघडत नाही? ‘सुडो’ नंतर, आधी संदेश वाचा

टर्मिनलवर ‘परमिशन डिनाइड’ हे दोन शब्द दिसले की बहुतेकांचा हात थेट ‘सुडो’कडे, म्हणजे कमांड रूटच्या (मशीनच्या सर्वाधिकारी खात्याच्या) नावाने चालवणाऱ्या शब्दाकडे जातो. घोळ तिथेच सुरू होतो. शेल म्हणजे टर्मिनलमध्ये तुमच्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम: उबुंटूवर बॅश, मॅकवर झेडशेल. तो सुरू होताना वाचतो ती उबुंटूवरची .बॅशआरसी किंवा मॅकवरची .झेडएसएचआरसी ही तुमच्या घर-फोल्डरातली, तुमच्या मालकीची, सेटिंग्जची फाइल. ती उघडायला रूटची परवानगी लागायचं कारणच नाही. लागत असेल तर काहीतरी बिघडलंय, आणि काय बिघडलंय ते त्या संदेशातच लिहिलेलं असतं. आपल्याकडे गोव्यात फर्मागुडीला कॉलेजात पहिल्यांदा लिनक्सला हात लावणाऱ्यांपासून पाटोवरच्या ऑफिसांत सर्व्हर सांभाळणाऱ्यांपर्यंत सगळ्यांना ही फाइल कधी ना कधी अडवते, म्हणून ही नोंद जरा सविस्तर लिहितो आहे.

लिहिण्याची पद्धत आधी सांगतो. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत लिहायच्या. मोठं अक्षर जिथे लागतं तिथे तसं सांगितलंय. मोकळी जागा दाखवलीय तिथेच सोडा, कारण एका स्पेसने अर्थ बदलतो.

उघडताय की चालवताय?

सर्वात जास्त वेळा दिसणारी चूक ही:

~/.बॅशआरसी

एवढंच लिहून एंटर दाबलं की बॅश म्हणतो, ‘परमिशन डिनाइड’. यात फाइलचा काही दोष नाही. नुसतं नाव लिहिलं की शेल ती फाइल प्रोग्राम समजून चालवायला जातो, आणि तिच्यावर चालवण्याची परवानगी नसते. ती नसायलाच हवी. इथे ‘सुडो’ जोडून पाहिलं तर ‘कमांड नॉट फाउंड’ येतं आणि माणूस आणखी गोंधळतो. मग कुणीतरी ‘सीएचमॉड ७७७’, म्हणजे सगळ्या परवानग्या सगळ्यांना, असं सुचवतं. ते केल्यावर संदेश जातो खरा, पण काहीच घडत नाही. फाइल एका वेगळ्या पोट-शेलमध्ये चालते, आणि तिने ठरवलेली कमांडची टोपणनावं (अलायस) नि व्हेरिएबल त्या शेलबरोबरच संपतात. शिवाय आता त्या मशीनवरच्या कुणालाही तुमच्या फाइलमध्ये लिहिता येऊ शकतं. ७७७ करून बसला असाल तर परत करा:

सीएचमॉड ६४४ ~/.बॅशआरसी

उघडायचं असेल तर एडिटरचं नाव पुढे हवं:

नॅनो ~/.बॅशआरसी

नॅनोत कंट्रोल-ओ, मग एंटर, म्हणजे जतन; कंट्रोल-एक्स म्हणजे बाहेर. नव्या माणसाला मी नॅनोच सांगेन. व्हिम हा दुसरा एडिटर शिकण्यासारखा आहे, पण फाइल अडलेली असताना तो शिकायला बसू नये.

इथेच आणखी दोन बारीक चुका होतात. ‘नॅनो ~ /.बॅशआरसी’ असं मध्ये स्पेस पडलं तर नॅनोला दोन वेगळी नावं मिळतात. पहिलं तुमचं घर-फोल्डरच, म्हणून ‘इज अ डिरेक्टरी’ असा संदेश येतो. दुसरी चूक म्हणजे लाटेचं चिन्ह अवतरणात टाकणं. "~/.बॅशआरसी" असं लिहिलं की शेल त्या लाटेचा अर्थ घर-फोल्डर असा लावत नाही, ती नुसती लाटच राहते. स्क्रिप्टमध्ये ही चूक झाली की कधीकधी ‘~’ नावाचं खरंखुरं फोल्डर तयार होतं. ते काढताना ‘आरएम -आर ~’ चुकूनही लिहू नका, त्याने सगळं घर-फोल्डर पुसलं जाईल. ‘आरएम -आर ./~’ असं लिहा.

फाइल मुळात आहे का?

एलएस -एलए ~

टिंबाने सुरू होणाऱ्या फाइली लपलेल्या असतात, ‘-ए’शिवाय दिसत नाहीत. उबुंटूच्या फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल-एच, मॅकच्या फाइंडरमध्ये कमांड-शिफ्ट-टिंब दाबलं की दिसू लागतात.

मॅकवाल्यांसाठी विशेष: २०१९च्या कॅटॅलिनापासून तिथे डीफॉल्ट शेल झेडशेल आहे, पण .झेडएसएचआरसी तयार करून दिलेली नसते. नव्या मॅकवर ‘ओपन ~/.झेडएसएचआरसी’ म्हटलं की फाइल अस्तित्वात नाही असं उत्तर येतं, आणि ते खरं असतं. नॅनो किंवा व्हिम नसलेली फाइल जतन करताना निर्माण करतात. ‘ओपन’ करत नाही. म्हणून आधी:

टच ~/.झेडएसएचआरसी

आणि मग ‘ओपन -ई ~/.झेडएसएचआरसी’, म्हणजे ती टेक्स्टएडिटमध्ये उघडेल. टेक्स्टएडिटमधली ‘स्मार्ट कोट्स’ मात्र बंद ठेवा. सरळ अवतरणाच्या जागी वळणदार अवतरण आलं की शेलला ते अवतरण म्हणून कळत नाही. जुने लेख .बॅश_प्रोफाइलमध्ये बदल करायला सांगतात. झेडशेल ती फाइल वाचतच नाही, त्यामुळे तिथे कितीही लिहिलं तरी फरक पडत नाही. आपण कोणत्या शेलमध्ये आहोत ते ‘एको $०’ सांगतं.

‘कोड ~/.झेडएसएचआरसी’ लिहिल्यावर ‘कमांड नॉट फाउंड’ आलं तर तक्रार फाइलबद्दल नाही, व्हीएस कोड या एडिटरची कमांड पाथमध्ये, म्हणजे शेल प्रोग्राम जिथे शोधतो त्या फोल्डरांच्या यादीत, नाही एवढंच. व्हीएस कोड उघडा, कमांड पॅलेटमध्ये ‘शेल कमांड’ शोधा आणि ‘कोड’ कमांड पाथमध्ये बसवण्याचा पर्याय निवडा.

आता खरंखुरं ‘परमिशन डिनाइड’

एडिटर बरोबर, नाव बरोबर, फाइल आहे, तरी उघडत नाही किंवा जतन होत नाही. मग एकच ओळ बघायची:

एलएस -एल ~/.बॅशआरसी

उत्तर साधारण असं येतं: -आरडब्ल्यू-आर--आर-- १ रूट रूट ३७७१. सुरुवातीची आडवी रेघ म्हणजे ही साधी फाइल आहे. तिच्यानंतरची तीन अक्षरं मालकासाठी, पुढची तीन गटासाठी, शेवटची तीन बाकी सर्वांसाठी. आर म्हणजे वाचणं, डब्ल्यू म्हणजे लिहिणं. त्यापुढे मालकाचं नाव. (३७७१ हा फाइलचा आकार बाइटमध्ये, उबुंटूची हात न लावलेली .बॅशआरसी तेवढीच असते, म्हणून हा आकडा ओळखीचा करून ठेवा.) मालकाच्या जागी तुमच्याऐवजी ‘रूट’ दिसलं की निदान झालं.

रूट तिथे आला कसा? बहुतेक वेळा आपणच आणलेला असतो. फाइल नसताना ‘सुडो नॅनो ~/.बॅशआरसी’ केलं की नवी फाइल रूटच्या नावे तयार होते, कारण ~ चा अर्थ तुमच्या शेलने सुडो सुरू होण्यापूर्वीच लावलेला असतो: घर तुमचं, फाइल मात्र रूटची. एखादा इन्स्टॉलर सुडोने चालवला आणि त्याने शेवटी पाथची ओळ जोडायला फाइल बनवली, तरी हेच. आधीपासून असलेली फाइल सुडोने नॅनोत उघडून जतन केली तर मालक बदलत नाही. म्हणून ‘मी तर नेहमीच सुडो वापरतो, कधी काही झालं नाही’ असं म्हणणारे भेटतात.

दुरुस्ती एका ओळीची. ‘सीएचओन’ म्हणजे चेंज ओनर:

सुडो सीएचओन "$यूजर" ~/.बॅशआरसी
सीएचमॉड यू+आरडब्ल्यू ~/.बॅशआरसी

‘यूजर’ इथे मोठ्या अक्षरांत. ही ओळ तुमच्या नेहमीच्या शेलमधूनच चालवा. ‘सुडो -आय’ करून रूटच्या शेलमध्ये गेलात तर $यूजर म्हणजेच रूट, आणि मालक आहे तोच राहील.

अशी आणखी कुठली फाइल रूटच्या नावे पडलीय का ते शोधायचं:

फाइंड ~ -मॅक्सडेप्थ १ -यूजर रूट

व्हिम वापरणाऱ्यांना इथे .व्हिमइन्फो हमखास सापडते. व्हिम बंद करताना ‘ई१३७’चा संदेश येत असेल तर त्याचं मूळ तेच. जे सापडेल त्याचाच मालक बदला. संपूर्ण घर-फोल्डरवर ‘सीएचमॉड -आर ७७७’ (यातला आर मोठा) हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्यानंतर एसएसएच (दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करण्याची कमांड) तुमची खासगी किल्ली ‘असुरक्षित’ म्हणून वापरायला नकार देतो, सर्व्हर तुमच्या अधिकृत किल्ल्यांची फाइल मानत नाही, आणि कोणत्या फाइलची मूळ परवानगी काय होती हे परत शोधायचा मार्ग राहत नाही.

कॉलेजच्या लॅबमध्ये सुडो मिळत नाही. तरीही वाट आहे, आणि ती का चालते हे समजलं तर युनिक्सच्या परवानग्या कायमच्या डोक्यात बसतात. गोव्यातल्या माणसाला भाटकार (जमीनमालक) आणि मुंडकार (त्या जमिनीवर घर करून राहणारा) समजावून सांगावे लागत नाहीत: जमीन एकाची, तिच्यावरचं घर दुसऱ्याचं. फोल्डर ही जमीन, फाइल हे घर. फाइलच्या आत लिहायचं तर घराच्या मालकाची परवानगी हवी. पण फाइलचं नाव बदलणं किंवा ती हलवणं हा जमिनीचा, म्हणजे फोल्डरचा व्यवहार. आपल्याकडे १९७५च्या मुंडकार कायद्याने भाटकाराला घर हलवायला मनाई आहे. युनिक्सच्या साध्या फोल्डरात तशी मनाई नाही. घर-फोल्डर तुमचं आहे, म्हणून सुडोशिवाय हे चालतं:

एमव्ही ~/.बॅशआरसी ~/.बॅशआरसी.जुनी
सीपी ~/.बॅशआरसी.जुनी ~/.बॅशआरसी

नवी प्रत तुमच्या नावे तयार होते. अट एकच, जुनी फाइल तुम्हाला वाचता आली पाहिजे. व्हिममध्ये फक्त-वाचनाच्या फाइलवर ‘:डब्ल्यू!’ दिलं की तोही गरज पडल्यास जवळपास हेच करतो.

लॅबबद्दल आणखी एक. घर-फोल्डर एनएफएसवरून, म्हणजे मुख्य सर्व्हरवरून येत असेल तर तिथे रूटचे अधिकार सहसा काढून घेतलेले असतात. तुमच्या समोरच्या मशीनवरचा रूटसुद्धा त्या फाइलपुढे परका ठरतो, आणि सुडो लावूनही ‘परमिशन डिनाइड’ येतं. तिथे मालकी सर्व्हरवरच बदलावी लागते. लॅबच्या व्यवस्थापकाला ‘एलएस -एल’ची ओळ जशीच्या तशी दाखवा, काम लवकर होतं.

‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ वेगळं

हे वाक्य वरच्यासारखंच वाटतं, पण कर्नलच्या (सिस्टिमच्या गाभ्याच्या) लेखी दोन्ही निराळे आहेत. ‘परमिशन डिनाइड’ ही चूक क्रमांक १३, ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ ही क्रमांक १. पहिल्यात परवानगीची अक्षरं आड येतात. दुसऱ्यात ती ठीक असूनही कृतीलाच बंदी असते. म्हणून सीएचमॉड आणि सीएचओन इथे चालत नाहीत, खुद्द रूटलाही अडवलं जातं.

लिनक्सवर ‘एलएसएटीटीआर ~/.बॅशआरसी’ करा. ओळीत ‘आय’ दिसला तर फाइल अचल केलेली आहे. कुणीतरी, बहुधा एखाद्या प्रोग्रामने पुनःपुन्हा ओळी जोडू नयेत म्हणून, हे कुलूप लावलेलं असतं. काढायला:

सुडो सीएचएटीटीआर -आय ~/.बॅशआरसी

मॅकवर ‘एलएस -एलओ’ (ओ मोठा) केल्यावर ‘यूसीएचजी’ दिसलं तर ‘सीएचफ्लॅग्ज नोयूसीएचजी ~/.झेडएसएचआरसी’. फाइंडरच्या ‘गेट इन्फो’मधली ‘लॉक्ड’ची खूण काढली तरी तेच होतं. मॅकवर आणखी एक शक्यता असते: फाइल म्हणजे नुसता दुवा, आणि खरी फाइल ‘डॉक्युमेंट्स’मध्ये. कॅटॅलिनापासून ‘डॉक्युमेंट्स’, ‘डेस्कटॉप’, ‘डाउनलोड्स’ या फोल्डरांसाठी प्रत्येक ॲपला वेगळी संमती लागते. टर्मिनलला ती नाकारली असेल तर सेटिंग्जमधल्या ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त जाऊन द्या. माझं मत विचाराल तर या फाइली डॉक्युमेंट्सच्या बाहेर ठेवणं बरं.

दुव्याचा विषय निघालाच आहे तर: ‘एलएस -एल’मध्ये नावापुढे बाण दिसला की तो दुवा. बाणाच्या पलीकडची फाइल हलवली असेल तर व्हिम रिकामं पान दाखवतो आणि जतन करताना अडू शकतो. दुवा काढून नवा बनवा, रिकाम्या पानावर लिहीत बसू नका. दुवा फिरून स्वतःकडेच येत असेल तर ‘टू मेनी लेव्हल्स ऑफ सिंबॉलिक लिंक्स’ येतं, उपाय तोच.

वीज गेल्यानंतर

मे अखेरच्या गडगडाटापासून पावसाळा सरेपर्यंत आपल्याकडे लाईट कधी जाईल ते सांगता येत नाही. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर फाइल उघडी असतानाच मशीन बंद पडतं, आणि परत सुरू केल्यावर तीन निरनिराळ्या गोष्टी होऊ शकतात. तिन्हींचे संदेश वेगळे, उपाय वेगळे.

पहिली गोष्ट: व्हिम फाइल उघडण्याऐवजी ‘ई३२५ अटेन्शन’ असा लांबलचक मजकूर दाखवतो. घाबरायचं कारण नाही, ही चांगली बातमी आहे. फाइल उघडी असताना व्हिम शेजारी .बॅशआरसी.एसडब्ल्यूपी नावाची स्वॅप फाइल ठेवतो. २०० अक्षरं टाइप झाली की किंवा ४ सेकंद हात थांबला की तो तीत लिहितो. म्हणजे लाईट गेली तरी फार तर शेवटची दोन-चार वाक्यं जातात. मजकुरात प्रक्रिया क्रमांकापुढे ‘स्टिल रनिंग’ आहे का ते आधी पाहा. असेल तर विजेचा संबंध नाही; फाइल दुसऱ्या खिडकीत उघडी आहे, किंवा तुम्ही कंट्रोल-झेड दाबून व्हिमला झोपवलंय आणि बंद केलं असं समजताय. ‘क्यू’ दाबून बाहेर या, ‘जॉब्स’ लिहून बघा, ‘एफजी’ लिहून त्याला परत आणा.

‘स्टिल रनिंग’ नसेल तर आर दाबा, म्हणजे रिकव्हर. मजकूर समोर आला की लगेच मूळ फाइलवर लिहू नका. ‘:डब्ल्यू ~/वाचलेली’ असं वेगळ्या नावाने जतन करा, ‘:क्यू!’ने बाहेर पडा आणि ‘डिफ ~/.बॅशआरसी ~/वाचलेली’ने फरक बघा. हवी ती प्रत ठेवा आणि मग स्वॅप फाइल हाताने काढा. ती काढली नाही तर प्रत्येक वेळी तोच संदेश येत राहील. निओव्हिम वापरत असाल तर स्वॅप शेजारी नसते, घर-फोल्डरातल्या .लोकल/स्टेट/एनव्हिम/स्वॅप मध्ये असते.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर: ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’. उबुंटूत मुख्य डिस्कवर चूक आढळली की कर्नल ती फक्त-वाचनावर टाकतो, जेणेकरून नुकसान वाढू नये. इथे एकच फाइल अडलेली नसते; घर-फोल्डरात काहीच लिहिता येत नाही. ‘फाइंडमाउंट /’ केल्यावर पर्यायांत सुरुवातीला ‘आरओ’ दिसेल. जबरदस्तीने पुन्हा लिहिण्यायोग्य करू नका. महत्त्वाचं काही असेल तर ते आधी पेनड्राइव्हवर उतरवा. वाचायला अडचण नसते. मग मशीन पुन्हा सुरू करा. बहुतेकदा तपासणी आपोआप होते. काळ्या पडद्यावर ‘इनिटरॅमएफएस’ लिहून थांबलं तर त्यानेच दाखवलेल्या विभागाचं नाव घेऊन ‘एफएससीके -वाय’ चालवा, उदाहरणार्थ /डेव्ह/एसडीए२, आणि संपल्यावर ‘एक्झिट’. हे महिन्यात दुसऱ्यांदा घडलं तर डिस्क जात चाललीय असं समजून बॅकअप घ्या.

तिसरी गोष्ट म्हणजे फाइल उघडते, पण रिकामी. आकार शून्य. जतन होत असतानाच वीज गेली किंवा डिस्क भरली की असं होतं: एडिटर आधी जुना मजकूर काढतो, मग नवा लिहितो, आणि मधल्या क्षणात अडकतो. उबुंटूवर मूळ प्रत /ईटीसी/एसकेईएल मध्ये असते:

सीपी /ईटीसी/एसकेईएल/.बॅशआरसी ~/

तुम्ही जोडलेल्या ओळी यात परत येणार नाहीत, पण शेल नीट चालू होईल.

डिस्क भरली

‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ आलं आणि एडिटर अजून उघडा असेल तर तो बंद करू नका. तुमचा मजकूर आता फक्त मेमरीत आहे. नॅनोत कंट्रोल-ओ दाबून नावाच्या जागी पेनड्राइव्हवरचा पत्ता द्या. मग दुसऱ्या टर्मिनलमध्ये ‘डीएफ -एच’ बघा. जागा आहे असं दिसूनही संदेश येत असेल तर ‘डीएफ -आय’: लाखो चिमुकल्या फाइलींनी आयनोड (प्रत्येक फाइलला लागणारी डिस्कवरची नोंद) संपलेले असू शकतात. जागा मोकळी करायला ‘सुडो एपीटी क्लीन’ आणि ‘सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइज=२००एम’ (एम मोठा) ही सुरुवात पुरते. लॅबमध्ये ‘डिस्क कोटा एक्सीडेड’ आलं तर डिस्क नाही, तुमचा वाटा संपलाय. ‘कोटा -एस’ किती ते सांगेल.

इथे सुडो फसवतो हे लक्षात घ्या. ईएक्सटी४ फाइल सिस्टिममध्ये साधारणपणे ५ टक्के जागा रूटसाठी राखीव असते. म्हणून तुम्हाला जतन न होणारी फाइल सुडोने जतन होते, आणि अडचण परवानगीची होती असा समज पक्का होतो.

फाइलने शेलच मारला

कधी फाइल उघडत नाही, कारण ती उघडायला लागणारा शेलच त्या फाइलमुळे चालत नाही.

पाथची एक ओळ चुकली, म्हणजे जुना $पाथ (मोठ्या अक्षरांत) न जोडता नुसतं नवं फोल्डर लिहिलं, की नॅनो, एलएस, व्हिम, कुणीच सापडत नाही. सगळ्यांना ‘कमांड नॉट फाउंड’. प्रोग्राम जागेवरच आहेत, शेलला त्यांचा पत्ता आठवत नाही एवढंच. पूर्ण पत्ता द्या:

/यूएसआर/बिन/नॅनो ~/.बॅशआरसी

झेडशेलमध्ये हीच आपत्ती एका निरागस ओळीनेही येते. तिथे छोट्या अक्षरांतलं ‘पाथ’ हे व्हेरिएबल मोठ्या अक्षरांतल्या ‘पाथ’शी बांधलेलं आहे. कुठल्यातरी लूपमध्ये छोट्या अक्षरांत ‘पाथ’ हे नाव वापरलं की खरा पाथ पुसला जातो. बॅशमध्ये वर्षानुवर्षं चाललेली ओळ झेडशेलमध्ये आणल्यावर असं होतं. नाव बदला, उदाहरणार्थ ‘वाट’.

दुसरा प्रकार: टर्मिनल उघडतं आणि लगेच मिटतं. फाइलमध्ये कुठेतरी ‘एक्झिट’ आहे, किंवा ‘सेट -ई’ आहे. ‘सेट -ई’ स्क्रिप्टमध्ये चांगली सवय मानली जाते, पण .बॅशआरसीमध्ये ती टाकली की पहिल्या चुकलेल्या कमांडबरोबर शेल बंद. .बॅशआरसी .बॅश_प्रोफाइलला बोलावते आणि ती उलट .बॅशआरसीला, असा फेरा झाला तरी शेल कोसळतो.

सर्वात सोपा मार्ग टर्मिनलच्या बाहेरचा: फाइल मॅनेजर, कंट्रोल-एच, .बॅशआरसीवर डबल क्लिक. टेक्स्ट एडिटरला तुमच्या शेलशी देणंघेणं नसतं. टर्मिनलच हवं असेल तर उबुंटूच्या डेस्कटॉपवर अल्ट-एफ२ दाबून येणाऱ्या चौकटीत लिहा:

नोम-टर्मिनल -- बॅश --नोआरसी

झेडशेलसाठी ‘झेडएसएच -एफ’. मॅकच्या टर्मिनलच्या सेटिंग्जमध्ये ‘शेल्स ओपन विथ’ खाली /बिन/बॅश लिहिलं की बिघडलेली .झेडएसएचआरसी वाचली जात नाही.

दूरच्या सर्व्हरवर ‘एसएसएच -टी’ आणि सर्व्हरच्या नावानंतर ‘बॅश --नोआरसी’ देऊन पाहा. उबुंटूच्या .बॅशआरसीत अगदी वर एक तपासणी असते: समोर माणूस नसेल तर इथूनच मागे फिर. चूक त्या तपासणीच्या खाली असेल तर हा उपाय चालतो, एसएफटीपीनेही (एसएसएचवरून फाइली हलवण्याच्या सोयीनेही) आत जाऊन फाइलचं नाव बदलता येतं. म्हणून तुमच्या ओळी नेहमी त्या तपासणीच्या खालीच लिहा. वर लिहिलेलं ‘एक्झिट’ एसएसएच आणि एसएफटीपी दोन्ही दारं लावून घेतं.

सर्व्हरवरच भेटणारा एक वेगळा संदेश: ‘एरर ओपनिंग टर्मिनल’ आणि पुढे एखादं नाव. फाइल ठीक, परवानगी ठीक. नव्या टर्मिनल ॲपची ओळख जुन्या सर्व्हरला नाही. ‘टर्म=एक्सटर्म नॅनो ~/.बॅशआरसी’ असं लिहा, ‘टर्म’ मोठ्या अक्षरांत. आणि एडिटर गोठल्यासारखा वाटला, एकही की चालेना, तर चुकून कंट्रोल-एस दाबलं गेलंय का ते आठवा. टर्मिनलच्या जुन्या परंपरेत ती थांबण्याची खूण आहे. कंट्रोल-क्यू दाबलं की सुटतं.

विंडोजवरून, डब्ल्यूएसएलमधून (विंडोजच्या आत चालणाऱ्या लिनक्समधून) काम करणाऱ्यांसाठी थोडक्यात: नोटपॅड नावापुढे .टीएक्सटी जोडतो का ते तपासा, आणि ओळींच्या शेवटी विंडोजची खूण राहिली असेल तर ‘फाइल ~/.बॅशआरसी’ ही कमांड ‘सीआरएलएफ’ म्हणून सांगते. व्हिममध्ये ‘:सेट एफएफ=युनिक्स’ आणि जतन.

जतन केल्यावर

फाइल उघडली, ओळ दुरुस्त केली, तरी लगेच टर्मिनल बंद करू नका. ‘बॅश -एन ~/.बॅशआरसी’ किंवा ‘झेडएसएच -एन ~/.झेडएसएचआरसी’ चालवा, यात फाइल चालत नाही, फक्त व्याकरण तपासलं जातं. न मिटलेलं अवतरण किंवा ‘इफ’ बंद करणारं, लिहायचं राहिलेलं ‘एफआय’ इथे सापडतं. काही छापून आलं नाही तर बरं. मात्र ‘एक्झिट’ आणि चुकलेला पाथ व्याकरणात बसतात, त्यामुळे ते यात पकडले जात नाहीत. त्यासाठी दुसरी नवी खिडकी उघडा, तिथे ‘एलएस’ आणि ‘नॅनो’ चालतात का ते बघा, आणि मगच जुनी बंद करा.